ताडाच्या गल्लीतला दुमिंग

मार्च महिन्याला माझ्या लेखी फिनेलचा वास आहे. लोकांना या दिवसांत आंब्याचा मोहोर आठवतो, होळीची पोळी आठवते. मला आठवतं ते फिनेल, त्याच्याखाली दबलेला शिळ्या बियरचा आंबूस वास आणि स्टोव्हवर शिजत पडलेल्या काळ्या चण्यांची वाफ. कारण दहावीचा सगळा अभ्यास मी एका बारमध्ये बसून केला. हे सांगितलं की ऐकणारा आधी हसतो, मग विचारतो, "म्हणजे बारच्या शेजारच्या खोलीत ना?" शेजारच्या खोलीत नाही. बारमध्ये. दारापासून दुसऱ्या टेबलावर, खिडकीकडे तोंड करून.

यंदा माझी लेक ईरा दहावीला होती. तिचं सेंटर नेमकं भाईंदर पूर्वेला, गोडदेवच्या एका शाळेत आलं. आम्ही आता मिरा रोडला, बेव्हर्ली पार्कात राहतो. तिथून गोडदेव काही लांब नाही, पण त्या बाजूला जायचं कारणच उरलं नव्हतं. पहिल्या पेपरला निघालो तर माझे वडील चपला घालून दारात उभे. आई गेल्यापासून ते माझ्याकडेच असतात. ऐंशी ओलांडलीय, गुडघे कुरकुरतात.

"बाबा, उन्हात तुम्ही कशाला?"

"नातीचा पेपर आहे. आणि गोडदेव माझं गाव आहे."

गोडदेव त्यांचं गाव कधीच नव्हतं. जन्म गिरगावातला, मूळ गाव तिकडे लांज्याकडे. पण माणसाने कुठल्या जागेला आपलं गाव म्हणावं, हे दुसऱ्याने ठरवू नये.

ईरा आत गेली. गेटबाहेर आईबापांची गर्दी होती. कुणी डोळे मिटून पुटपुटतंय, कुणी उगाच मोबाईल चाळतंय, एक गुजराती बाई सगळ्यांना खडीसाखर वाटतेय. बाबा मात्र शाळेकडे पाठ करून रस्त्याकडे बघत होते. रुंद रस्ता, मधोमध कठडा, दोन्ही बाजूंना टॉवर, टॉवरांच्या पायथ्याशी केकची, मोबाईलची, चष्म्यांची दुकानं.

"इथेच कुठेतरी," ते म्हणाले. आणि मी काही बोलायच्या आत समोरच्या मोबाईलच्या दुकानात शिरले. "भाईसाब, दुमिंग का बार किधर था?"

काउंटरवरचा तरुण गोंधळला. "बार? अंकल, बार तो आगे मेन रोड पे मिलेगा."

"मिलेगा नहीं. था."

"मालूम नहीं, अंकल. हमारे आने से पहले का होगा."

बाबा बाहेर आले. दुकानाची पायरी उतरताना त्यांनी माझा दंड धरला आणि तो बराच वेळ सोडला नाही.

आम्ही गिरगावची खोली सोडून इथे आलो तेव्हा महानगरपालिका नव्हती, नगरपालिका होती. गोडदेव अजून खरोखरीचं गाव होतं. आगऱ्यांची कौलारू घरं, दारात कोंबड्या, मागे भाताची खाचरं आणि त्यांच्या पलीकडे थेट खाडीपर्यंत मिठागरं. मार्चमध्ये मिठाचे ढीग उन्हात असे चमकायचे की दुपारी गच्चीवर गेलं तर डोळ्यांत पाणी यायचं. गावाच्या कडेला बिल्डरांनी चार-चार मजल्यांच्या इमारती उभ्या केल्या होत्या. आमची 'साईकृपा' त्यातलीच. भिंतींना बोट लावलं की वाळू गळायची, पण स्वतःचा संडास घरात होता, आणि आईला त्यापुढे वाळूचं काही वाटत नव्हतं.

स्टेशनकडून घरी यायचं तर एका गल्लीतून यावं लागे. कागदोपत्री तिला काय नाव होतं कुणास ठाऊक. लोक ताडाची गल्ली म्हणत. दोन सायकली समोरासमोर आल्या तर एकाला उतरावं लागायचं, एवढी अरुंद. तोंडाशी पिठाची गिरणी आणि तिच्यालगत पिंपळ, मग एक विहीर, मग एक वळण. त्या वळणावर तीन ताड आणि ताडांखाली दुमिंगचा बार. बोर्डावर 'परमिट रूम' हे शब्द तेवढे वाचता यायचे. त्याच्यावर काहीतरी इंग्रजी नाव होतं, ते खाऱ्या वाऱ्याने खाल्लं होतं.

दुमिंग समुद्राकाठच्या उत्तनचा ख्रिश्चन. त्याचे वडील उत्तनहून इथे आले ते ताडी विकायला. मिठागरावरची माणसं संध्याकाळी उघड्या पायांनी, पोटऱ्यांवर मिठाचे पांढरे फराटे घेऊन यायची आणि झाडाखालीच बसून प्यायची. पुढे झावळ्यांचं छप्पर आलं, मग कौलं आली, आणि दुमिंगच्या काळात टेबलं, फ्रिज आणि परवाना आला. दुमिंग अंगाने आडवा, बोलायला कमी. बार खरं म्हणजे त्याच्या बायकोचा होता. तिचं नाव नातालीन. पोटऱ्यांपर्यंत उंच नेसलेलं लुगडं, कानात जड सोन्याची कुडी, आणि आवाज असा की गिरणी चालू असतानाही पलीकडे ऐकू जाई.

त्या बारच्या गोष्टी गल्लीत प्रत्येकजण आपापल्या परीने सांगायचा. एकदा पावसाळ्यात उधाणाची भरती एवढी चढली की खाडीचं पाणी बारमध्ये शिरलं. गिऱ्हाईक उठलं नाही. सगळ्यांनी पाय टेबलावर घेतले आणि ग्लास हातात धरून बसले. पाणी ओसरलं तेव्हा टेबलाखाली निवट्या, खाडीच्या चिखलातले ते छोटे मासे, उड्या मारत होत्या, आणि नातालीनने त्याच पकडून, तळून, चकणा म्हणून समोर ठेवल्या. कुणी म्हणे निवट्या दोन होत्या, कुणी म्हणे टोपलीभर. जितकी माणसं तितक्या निवट्या.

नातालीनचा एक नियम होता. बारमध्ये आईबहिणीवरून शिवी द्यायची नाही. दिली, तर बाहेर जाऊन ताडाखाली उभं राहायचं, आणि तिने हाक मारली की आत यायचं. मोठमोठी माणसं, दोन मुलांचे बाप, कंत्राटदार, एक हवालदारसुद्धा त्या ताडाखाली मान खाली घालून उभे राहिलेले लोकांनी पाहिलेत. आणि तिन्हीसांजेला ती काउंटरमागच्या क्रुसासमोर मेणबत्ती लावायची. त्या वेळी सगळ्यांनी ग्लास खाली ठेवायचे. हिंदू, मुसलमान, मारवाडी, सगळ्यांनी. तेवढा एक श्वासभर वेळ तिथे फक्त पंख्याचा आवाज असायचा. हे मी स्वतः पाहिलेलं आहे. बाबांना बोलवायला आईने मला कितीदा तरी त्या वेळी पाठवलं होतं, आणि मीही दारात थबकून हात जोडायचे.

बाबा गिरगावात एका छापखान्यात कंपोझिटर होते. तिकडे चाळीच्या गॅलरीत उभं राहिलं की बोलायला दहा माणसं. इथे प्रत्येकाचं दार बंद. पहिले सहा महिने ते कामावरून आले की खिडकीशी बसून राहायचे. मग एके दिवशी उशिरा आले आणि फार दिवसांनी हसले. आईने तोंडाजवळ नाक नेलं.

"अगं, प्यायला नाही गेलो. बोलायला गेलो होतो."

"बोलण्याचा एवढा वास येतो होय?"

ते पीत कमीच. एक बियर घेऊन दोन तास बसायचे. पण बोलायचे खूप. छापखान्यात येणारं सगळं त्यांच्या हाताखालून जायचं, त्यामुळे लग्नपत्रिकेपासून राजकारणापर्यंत त्यांना सगळ्यातलं थोडंथोडं माहीत. बारमध्ये त्यांना सगळे 'भाऊ' म्हणू लागले. दुमिंगही 'भाऊ' म्हणायचा. वयाने तो मोठा होता, तरी. बाबा बोलायचे आणि दुमिंग काउंटरवर कोपर टेकून ऐकायचा. दोघांची मैत्री म्हणजे एवढीच.

माझं दहावीचं वर्ष आलं. त्याच वर्षी मावशी बाळंतपणासाठी आमच्याकडे आली होती. पहिल्या खोलीत रडणारं बाळ, स्वयंपाकघरात आई, आणि खिडकीबाहेर शेजारच्या नव्या इमारतीचं काम. सकाळपासून सिमेंट कालवायचं मशीन घरघरत असायचं. मी गच्चीवर बसून बघितलं, जिन्यात बसून बघितलं. फेब्रुवारी लागला तसं मला झोपेतही ते मशीन ऐकू येऊ लागलं. बाबांनी हे बारमध्ये सांगितलं असणार. कारण एका संध्याकाळी ते आले आणि जेवता जेवता म्हणाले, "दुमिंगचं दुकान सकाळभर रिकामं असतं. दुपारपर्यंत गिऱ्हाईक येत नाही. तो म्हणतो, पोरीला पाठव."

आईचा हात तव्यावरच थांबला. "दारूच्या गुत्त्यात? माझी मुलगी?"

"गुत्ता नाही तो."

"मग काय देऊळ आहे?"

दोन दिवस घरात अबोला. तिसऱ्या दिवशी सकाळी दारात नातालीन. हातात करंडी, करंडीत ताजी मांदेली, अजून चकचकत होती. ती आत आली नाही. उंबऱ्याबाहेर उभी राहूनच म्हणाली, "बाय, सकालच्याला तिथं दारू न्हाय, दारुडा न्हाय. मी एकटी हाय. तू ये, डोल्यानं बघ. नको वाटलं तर न्हाय म्हन."

आई गेली. पदर खांद्यावरून घेऊन, लढाईला निघाल्यासारखी. मी मागून. बारमध्ये खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या होत्या, फरशी नुकतीच पुसलेली, क्रुसाला ताजी अबोली. आईने सगळीकडे बघितलं. मग काउंटरवरून बोट फिरवून ते बोट निरखलं. धूळ नव्हती. तिने नातालीनला विचारलं, "मांदेलीला तुम्ही आंबट कसलं घालता? चिंच की कोकम?" मी समजले, काम झालं.

त्या सकाळी आजही मला तशाच्या तशा दिसतात. खिडकीतून ऊन यायचं ते आधी फळीवरच्या बाटल्यांतून जायचं आणि माझ्या वहीवर तपकिरी, हिरवे डाग पडायचे. मी भूमितीचं प्रमेय पाठ करायचे आणि प्रमेयावरून हिरवा डाग हळूहळू सरकायचा. बाहेर ताडाच्या झापांची सळसळ. ती पावसासारखी वाटे आणि बाहेर बघावं तर रखरखीत ऊन. नातालीन मागच्या बाजूला मासे साफ करत बसायची. मध्येच उकडलेल्या चण्यांची बशी आणून ठेवायची, मीठ-मिरची लावून. "खा. डोकं चालवाचं तर पोट पायजे." दुमिंग आत आला तर चपला बाहेर काढून, चवड्यांवर चालत यायचा. एवढा आडवा माणूस, बाटल्यांचे क्रेट उचलताना एक बाटली दुसरीवर वाजू द्यायचा नाही. एकदा बियरचा ट्रक गल्लीच्या तोंडाशी आला तर तो धावत ड्रायव्हरकडे गेला. "हॉर्न मत मारो. अंदर लडकी पढ रही है." ही गोष्ट ड्रायव्हरने पुढे सगळ्या भाईंदरभर सांगितली.

आयुष्यात नंतर मला अभ्यासाला, कामाला पुष्कळ चांगल्या जागा मिळाल्या. एसी असलेल्या, काचेच्या. तेवढी शांतता मात्र परत मिळाली नाही. कुणीतरी आपल्यासाठी मुद्दाम राखलेली शांतता वेगळी असते. तिच्यात दुसऱ्याचं चवड्यांवर चालणं असतं.

त्याच दिवसांत पालिकेची माणसं गल्लीत आली आणि भिंतींवर लाल रंगाच्या रेघा मारून गेली. रस्ता रुंद होणार होता. गिरणीची अर्धी भिंत, विहिरीचा कठडा, आणि दुमिंगचा बार आख्खा. ताडही. गल्लीतल्यांनी धावपळ केली. एक-दोन पुढाऱ्यांनी 'बघतो' म्हटलं. शेवटी ठरलेला दिवस कळला. त्या संध्याकाळी सगळे बारमध्ये जमले. आईने मला बाबांना बोलवायला पाठवलं होतं, म्हणून मी दारात होते. आणि बाबा उभे राहून बोलत होते.

"दुमिंग, तू काळजी करू नकोस. त्या दिवशी सकाळी मी इथे दारात उभा असेन. तुझ्या बाजूला. मला बाजूला केल्याशिवाय त्यांना भिंतीला हात लावता येणार नाही."

लोकांनी टेबलं वाजवली. कुणीतरी म्हणालं, "आमीबी हाव, भाऊ!" दुमिंग काउंटरमागून बाहेर आला आणि त्याने बाबांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. मी बाबांकडे बघत होते. एवढे उंच ते मला त्याआधी कधी दिसले नव्हते.

घरी येताना जिन्यात थांबून बाबांनी मला विचारलं, "त्या दिवशी तुझा कुठला पेपर आहे?"

"भूमितीचा."

"हं," म्हणाले.

माझं सेंटर भाईंदर पश्चिमेला होतं. मावशीचं बाळ तापलेलं, त्यामुळे आई घर सोडू शकत नव्हती. बाबा मला सोडणार आणि लगेच परत येणार, असं ठरलं. आम्ही गल्लीतून निघालो तेव्हा बारचं दार उघडं होतं, दुमिंग पायरीवर बसला होता. बाबा म्हणाले, "हिला सोडतो आणि आलोच." दुमिंगने मान हलवली, मला म्हणाला, "जा, पोरी. धा वेला वाच पेपर, मग लिव."

मी आत गेले. पेपर सोपा गेला. जी प्रमेयं हिरव्या डागाखाली पाठ केली होती, त्यातलीच दोन आली. शेवटची घंटा झाली, बाहेर आले, तर गेटसमोर उन्हात बाबा उभे. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला.

"तुम्ही परत आलात की गेलातच नाही?"

"म्हटलं, तुला काही लागलं तर." एवढंच म्हणाले.

आम्ही रेल्वेचा पूल ओलांडून घरी निघालो. गल्लीच्या तोंडाशी धुरळा होता. वळणावर आकाश एकदम मोठं झालेलं. ताड आडवे पडले होते आणि त्यांच्या झापांत अजून वारा होता. बारच्या जागी विटा, कौलं आणि मधोमध काउंटरचा संगमरवरी तुकडा. एका हातगाडीवर टेबलं रचलेली, वर क्रूस, जुन्या लुगड्यात गुंडाळलेला. नातालीन हातगाडीला टेकून बसली होती. दुमिंग आमच्याकडे आला. त्याने बाबांकडे बघितलं, मग माझ्याकडे वळला.

"पेपर कसा गेला, पोरी?"

"चांगला गेला."

"बेस," तो म्हणाला, आणि परत जाऊन हातगाडीला दोरी बांधू लागला.

त्याने रागावून चार शब्द सुनावले असते, तर बाबा सुटले असते असं मला पुढे कितीदा वाटलं. तो आठवड्याभरात उत्तनला निघून गेला. आपल्या वडिलांच्या घरी, समुद्राच्या काठी. निरोप द्यायलाही बाबा गेले नाहीत. आजारी असल्यासारखे भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

उत्तन इथून किती दूर? एका बसने जाता येतं. एकच नगरपालिका, एकच वीजबिलाचं ऑफिस. तरी बाबा गेले नाहीत. "या पावसाळ्यानंतर जाऊ," म्हणायचे. मग "तुझं कॉलेज लागू दे." मग "तुझं लग्न होऊ दे, पत्रिका द्यायला जाऊ." पत्रिकाही गेली नाही. आई कधीतरी म्हणायची, "अहो, माणसं चांगली होती, एकदा भेटून तरी या." तेव्हा ते पेपर उघडून बसायचे. बोलायला माणसं शोधत बारमध्ये गेलेला हा माणूस नंतर फारसा कुठे बोललाच नाही.

आणि इकडे गल्ली गेली ती गेलीच. विहीर बुजवली, गिरणी उठली, आणि साईकृपाला मागच्या रस्त्याने फिरून यावं लागू लागलं. मिठागरांच्या कडेची खाचरं भरावाखाली गेली. पाडलेल्या इमारतीची निदान आठवण एका जागी राहते, बोट दाखवता येतं. गल्लीचं तसं नसतं. ती म्हणजे दोन भिंतींमधली मोकळी जागा. भिंती गेल्या की ती मोकळी जागा सगळीकडच्या मोकळ्या जागेत मिसळून जाते. मग ती होती हे सिद्ध करायला दुसरं माणूस लागतं, ज्याचे पाय तिच्यावरून चाललेत.

ईराचा शेवटचा पेपर झाला त्या दिवशी घरी येताना रिक्षात बाबा अचानक म्हणाले, "त्या दिवशी मी तुझ्यासाठी थांबलो की घाबरून थांबलो, हे मला अजून कळलेलं नाही." ईरा कानात हेडफोन घालून बसली होती. मी त्यांचा हात हातात घेतला. थोड्या वेळाने तेच म्हणाले, "रविवारी उत्तनला जाऊया."

तो झावळ्यांचा रविवार निघाला. ईस्टरच्या आधीचा. चर्चमधून माणसं बाहेर पडत होती, पोरांच्या हातात माडाच्या पात्यांचे विणलेले क्रूस. समुद्राकडच्या बाजूला बांबूंच्या रांगांवर बोंबील वाळत होते, आणि तो वास मिठाचा, उन्हाचा, उग्र. बाबांनी छाती भरून घेतला. दुमिंगचं घर म्हणून विचारलं तर पहिल्याच म्हाताऱ्याने विचारलं, "बारवाला दुमिंग? तो तर गेला. चार वर्सां झाली. बायको हाय, ती बघा त्या निळ्या घरात."

बाबा तिथेच एका होडीच्या कडेवर बसले. मी म्हटलं, "बाबा, परत जाऊया का?" ते उठले आणि निळ्या घराकडे चालू लागले.

नातालीन ओट्यावर बसली होती. केस पांढरेशुभ्र, कानातली कुडी तीच. डोळ्यांवर हात धरून तिने बघितलं. बराच वेळ बघितलं.

"भाऊ?"

बाबांनी मान हलवली.

"आन ही पोरगी? पेपरवाली?" ती उठली, माझ्या गालांवरून हात फिरवला, मग आत हाक मारून सुनेला पाणी आणायला सांगितलं. आम्हाला आत टेबलाशी बसवलं. भिंतीवर दुमिंगचा फोटो, त्याला झावळीचा क्रूस खोचलेला. बाबा फोटोकडे न बघता म्हणाले, "वहिनी, मी त्या दिवशी आलो नाही."

"कवा?"

"ज्या दिवशी पाडलं."

खोटं बोलून तिने त्यांना सोडवलं नाही. "वाट बघली त्यानं," ती म्हणाली. "गाडी आली, सायब आला, तरी रस्त्याकडं बघित होता. मग म्हनला, पोरीचा पेपर हाय, बापूस कसा येल? मी बाप असतो तर मीबी आलो नसतो. मग त्यानंच आतली टेबलं भायेर काडली."

बाबांनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरला.

"तुमी आलाव न्हाय मग कदी, त्याचं त्याला वाईट वाटलं," नातालीन म्हणाली. "म्हनं, भाऊ लाजला. मीच जातो. गेलताही."

"कुठे?"

"तुमच्याकडं. पाडल्याला दोन पावसाले झालते. सुके बोंबील बांदून घेतले, नवं शर्ट घातलं. सांजेला परत आला, बोंबील तसेच हातात. म्हनला, नातालीन, घर गावलं न्हाय. गल्लीच न्हाय तिथं. नवा रोड, नव्या बिल्डिंगा. साईकृपा म्हून इचारलं तर तीन साईकृपा दाखवल्या, तिन्हीत भाऊ न्हाय. रिक्शावाल्यांना इचारलं, ते हसले. तुमचं आडनाव त्याला ठाव नवतं. भाऊच म्हनाचा ना."

"आम्ही तिथेच होतो," बाबा म्हणाले. आवाज एकदम चढला. "त्याच घरात होतो, वहिनी! पुढे कितीतरी वर्षं तिथेच होतो."

"त्याला काय ठाव?"

बाबा टेबलावरचा प्लास्टिकचा कपडा हाताने सारखा करू लागले. मग त्यांनी बोट टेकवलं. "तो स्टेशनवरून आला असेल ना?"

"व्हय. बसनं स्टेशनला, मग चालत."

"म्हणजे हे स्टेशन." बोट सरकू लागलं. "इथून सरळ. नवा रस्ता इथे सुरू होत होता. तो सरळ आला तरी चालतं. इथे गिरणी होती, गिरणी गेली, पण पिंपळ होता, अजून होता तेव्हा. पिंपळ दिसला असणार त्याला."

"पिंपल दिसला म्हनत होता."

"दिसला ना!" बाबा खुर्चीत पुढे सरकले. त्यांच्या चेहऱ्यावर इतक्या वर्षांत न दिसलेली घाई होती, जणू दुमिंग अजून त्या रस्त्यावर उभा आहे आणि त्याला हाक मारता येईल. "मग पिंपळाच्या पुढे आला की डावीकडे. विहिरीवरून. डावीकडे वळला की समोर आमचा जिना. तिथे वळायला हवं होतं त्याने. डावीकडे का नाही वळला?"

नातालीनने त्यांच्या बोटाशेजारी आपला हात ठेवला.

"डावीकडं भित होती, भाऊ," ती म्हणाली. "नवीन बांदलेली."

बाबांचं बोट तिथेच थांबलं.